शिवेपलीकडची खोप

वेळणे, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग
६ मे १९८१

ती. सौ. ताईस,

'सौ.' लिहिताना माझा हात अडला नाही, हे आधी सांगून टाकतो. लग्न देवळाऐवजी चर्चमध्ये लागलं म्हणून हा शब्द गळून पडतो, असं कुठल्या पोथीत लिहिलेलं माझ्या तरी वाचनात नाही. अप्पांनी हे पत्र पाहिलं तर तेवढ्यावरून माझ्याशी दोन दिवस बोलणार नाहीत. पण ते पाहणार नाहीत. त्याचं कारण पुढे येईल.

वरचा पत्ता बघितलास का? आपण बसल्या जागी जिल्हा बदलला. घर तेच, माड तेच, नीरजाच्या हातची आमटीही दुर्दैवाने तीच (नीरजा म्हणजे तुझी भावजय, तू तिला अजून पाहिलेली नाहीस), पण एक तारखेपासून आपण रत्नागिरीकर उरलो नाही. पोस्टमन अजून 'रत्नागिरी' लिहिलेलीच पत्रं आणतो आणि अप्पा त्याला पायरीवर उभं करून नव्या जिल्ह्याचा भूगोल शिकवतात. उत्तरेला विजयदुर्गची खाडी, दक्षिणेला तेरेखोल, पूर्वेला सह्याद्री, पश्चिमेला पाणीच पाणी. जन्मभर शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या मास्तरांना म्हातारपणी नवा कोरा जिल्हा मिळाला आहे. आमच्याकडे सध्या रोज दिवाळी.

तालुके सांगताना मात्र गंमत होते. देवगड, कणकवली, मालवण, कुडाळ, सावंतवाडी एवढे ते घडाघडा म्हणतात आणि मग त्यांना खोकला येतो. सहावा तालुका पोस्टमन स्वतःच म्हणतो. वेंगुर्ले.

आता पत्राचं कारण. अप्पांना काचबिंदू झाला आहे. उजवा डोळा गेल्यातच जमा. डाव्याने समोरचं तेवढं दिसतं, बाजूचं काही नाही, नळीतून बघितल्यासारखं. मालवणच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही, आणि उरलेली किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही. औषध घालतो. अप्पांना मी हे सांगितलेलं नाही, पण ते माझ्यापेक्षा हुशार आहेत, तुला ठाऊकच आहे.

मला सगळं आठवतं, ताई. तू सांतानभावोजींबरोबर गेलीस, त्याच आठवड्यात अप्पांनी देवाच्या मानकऱ्यांना, दाजींना, बोलावून ग्रामदेव रवळनाथापुढे गाऱ्हाणं घातलं, शब्द दिला: आनंदी ह्या गावच्या शिवेत पाऊल टाकणार नाही. आणि तू काय कमी आहेस? तू उलट निरोप धाडलास की अप्पा स्वतःच्या तोंडाने बोलावतील तेव्हाच येईन. एकाने देवाला मध्ये घातलं, दुसरीने हट्टाला. मधल्या मध्ये मी राहिलो.

त्यांना नजर आहे तोवर त्यांनी तुला पाहावं, एवढंच मला हवं आहे. आणि खरं सांगायचं तर मलाही तुला पाहायचं आहे. उत्तर पाठव. भावोजींना नमस्कार.

तुझा,
सत्यवान


वेळणे
१४ सप्टेंबर १९८१

ती. सौ. ताईस,

उत्तर नाही. पाकीटही परत आलं नाही, म्हणजे तुला ते मिळालं. मी तुझाच भाऊ आहे, मला राग येत नाही. चिकाटी येते.

गणपती झाले. तुझ्या आवडीचं खतखतं, सगळ्या भाज्या घालून, नीरजाने केलं होतं आणि अप्पांनी दोनदा वाढून घेतलं. "बरां झालां" असं ते म्हणाले नाहीत. "पयल्यासारखां नाय" असंही म्हणाले नाहीत. नीरजा तेवढ्यावर खूश आहे.

शाळेत मला नवीन काम लागलं आहे. हेडमास्तरांच्या डोक्यात आलं की भिंतीवर नव्या जिल्ह्याचा मोठा नकाशा हवा, आणि नुसत्या नद्या-डोंगर नकोत, कुठे कोण लोक राहतात तेही रंगाने दाखवायचं. हिंदूंना एक रंग, मुसलमानांना एक, ख्रिश्चनांना एक, बौद्धांना एक. भूगोलाचा मास्तर मी, त्यामुळे ब्रश माझ्या हातात. घाटाखालची भातशेतीची गावं सोपी गेली. किनाऱ्यावर आलो आणि माझे हाल सुरू झाले. देवगडकडून खाली येताना प्रत्येक खाडीच्या तोंडाशी रंग कालवले जातात. गाबीत, भंडारी, मराठे, त्यांच्या मागे बामणवाडी, पाण्याला लागून मुसलमानांची होडकी, माडांत एखादा क्रूस, माळावर बौद्धवाडी. मिठबावला एका ठिपक्यात किती रंग घालू? आपल्या वेळण्याला तर मी रंग दिला, पुसला, परत दिला, शेवटी तिथला कागदच फाटला. आता वेळण्याच्या जागी भोक आहे.

अप्पांना सांगितलं तर मोठ्याने हसले. किती दिवसांनी हसले, ताई. मग नकाशा घरी आणायला लावला. खळ्यात पसरला, डोळा अगदी कागदाला टेकवला आणि बोटाने किनारा चालायला लागले. विजयदुर्गपासून सुरुवात. देवगड, मिठबाव, आचरा, तोंडवली, मालवण. मग कर्लीची खाडी ओलांडली. आणि वेंगुर्ल्याला बोट थांबलं. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणाले, "हय दीपगृह आसा, ता दाखवलंस नाय." दुसऱ्या दिवशी परत विजयदुर्गपासून. परत तिथेच थांबले. म्हणाले, बंदर नीट काढलेलं नाही. तिसऱ्या दिवशी नुसतं बोट ठेवून बसले. नीरजा चहा घेऊन आली तेव्हा त्यांनी ते उचललं. नकाशावर तिथे आता घामाचा डाग पडला आहे आणि हेडमास्तरांना तो मी काय म्हणून सांगायचा, हा प्रश्न आहे.

नकाशात वेंगुर्ल्याची तू आणि वेळण्याचा मी वीतभरही लांब नाही. पण खाडीवर पूल नाही, त्यामुळे एस.टी. कुडाळला वळसा घालून येते, आणि अप्पांच्या बोटासारखं कुणाला सरळ चालता येत नाही.

मी एकदा धीर करून म्हटलं, अप्पा, दाजींना सांगून गाऱ्हाणं मागे घेऊ या. केवढे भडकले. देवाला दिलेला शब्द म्हणजे काय एस.टी.चं तिकीट आहे, परत करून पैसे मागायला? मग मी विचारलं की आपला शेजारी पास्कू ख्रिश्चन, रोज संध्याकाळी तुम्ही त्याच्याबरोबर पत्ते खेळता, तो चालतो? तर म्हणाले, शेजारी वेगळा, जावई वेगळा. त्यावर पास्कूने तिथल्या तिथे पानं खाली टाकली आणि घरी गेला. दुसऱ्या दिवशी अप्पा स्वतः त्याच्या दारात गेले, म्हणाले, डाव अर्धाच राहिलाय. तेवढीच त्यांची माफी. तुझ्या बाबतीत तेवढीही त्यांना जमेना, ह्याचं मला फार वाईट वाटतं.

तुझा,
सत्यवान


वेळणे
१३ नोव्हेंबर १९८१

ताई,

तुळशीचं लग्न झालं आणि काल देवाने कौल दिला. गावपळण आहे. डिसेंबरच्या सहा तारखेला गाव उठणार.

तुला काय सांगायचं, पण सांगायला मला आवडतं आहे. चुली विझवायच्या, गोठे सोडायचे, कोंबड्या डालग्यात, मांजर पिशवीत, कुत्रं दोरीला, आणि देव परत बोलावीपर्यंत तीन दिवस, तीन रात्री शिवेबाहेर माडाच्या विणलेल्या झापांच्या खोपींत राहायचं. मागे गावात कुणी म्हणून कुणी उरायचं नाही. तू असतानाच्या पळणीत कासमच्या आईने तुला एवढी सांदणं खायला घातली होती की तू दुसऱ्या दिवशी उपाशी राहिलीस. पास्कू फिडल वाजवत होता आणि अप्पा गुडघ्यावर बोटं आपटत होते, आठवतं? रवळनाथाने उठा म्हटलं की कासमही उठतो, पास्कूही उठतो, बौद्धवाडीही उठते. परवा शाळेत आलेल्या एका साहेबांनी कासमला विचारलं की देव हिंदूंचा, मग तू का जातोस? कासम म्हणाला, "गाव आमचो पण आसा मा." साहेबांनी ते लिहून घेतलं. मी त्यांना माझ्या नकाशातलं भोक दाखवणार होतो, पण राहिलं.

उगाच गोड चित्र रंगवत नाही. बाहेर गेल्यावरही प्रत्येक वाडी आपापली रांग धरूनच खोपी बांधते. पण धूर एकच होतो आणि मुलं कुणाच्याही खोपीत जेवतात.

आता माझं म्हणणं नीट ऐक. गाऱ्हाणं काय होतं? तू शिवेत पाऊल टाकायचं नाही. त्या तीन दिवसांत शिवेच्या आत माणूसच नसेल. अप्पा बाहेर, मी बाहेर, दाजी बाहेर. तू कट्टा गावाहून आमच्या रस्त्याला येणाऱ्या गाडीत बस, सड्यावर, त्या उघड्या कातळावर, शिवेचा दगड आहे त्याच्या अलीकडे उतर, आणि पाच पावलांवर तुझे वडील बसलेले असतील. देवाला दिलेला शब्द जागच्या जागी. कुणाला काही मोडावं लागणार नाही.

हे मला रात्री नाही, भर वर्गात सुचलं. मी फळ्याकडे तोंड करून बराच वेळ उभा राहिलो आणि मुलांना वाटलं मास्तर गणित विसरले.

ये ना. भावोजींना, मुलीला घेऊन ये. मुलगी आहे हे मला कुडाळच्या एका इंजिनवाल्याकडून कळलं, जो भावोजींबरोबर ट्रॉलरची मशीनं दुरुस्त करतो. नाव मात्र त्याला आठवेना. स्वतःच्या भाचीचं नाव मला परक्या माणसाला विचारावं लागलं, आणि त्यालाही ते येत नव्हतं.

तुझा,
सत्यवान


वेळणे
२ डिसेंबर १९८१

ताई,

कार्ड मिळालं. सात वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं, आणि त्यात शब्द किती? 'अप्पांनी बोलावलंय का?' बस्स. खाली नावही नाही. तुला वाटलं असेल सत्यवान अक्षरावरून ओळखेल. ओळखलं.

खोटं मी लिहू शकलो असतो. 'हो, बोलावलंय' एवढं लिहून टाकायचं, तू आली असतीस. दोन दिवस तो मोह झाला. पण तू गाडीतून उतरल्यावर पहिला प्रश्न त्यांनाच विचारशील, आणि ते खोटं बोलणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक आहे. तेव्हा खरं तेच लिहितो. नाही, बोलावलेलं नाही.

पण एक गोष्ट ऐक आणि मग तुझं तू ठरव. दर पळणीला आपली खोप खाडीच्या बाजूला असते, पाणी जवळ म्हणून. ह्या वेळी अप्पा म्हणाले, सड्यावर बांधायची. तिथे पाणी नाही, सावली नाही, वारा खातो. नीरजा म्हणाली, एवढ्या लांबून हंडे मी आणायचे का? तर म्हणाले, मी आणीन. ज्या माणसाला स्वतःच्या पायाखालची पायरी दिसत नाही तो हंडा आणणार. मी कारण विचारलं. म्हणाले, "थय गाड्ये थांबतत." गाड्या थांबतात त्याचं आपल्याला काय, असं मी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही.

तुझं कार्ड आलं तेव्हा ते ओसरीवर होते. कुणाचं, विचारलं. मी म्हटलं, शाळेचं. त्यावर त्यांनी मान हलवली आणि मला वाटलं सुटलो.

सहा, सात, आठ. नऊला सकाळी कौल लागला तर माणसं आत जातील, गाव भरेल. हे पत्र पोचायला दोन दिवस लागतील. मी वाट बघेन.

तुझा,
सत्यवान


सड्यावरून
१२ डिसेंबर १९८१

ती. सौ. ताईस,

तू आली नाहीस. रागावून लिहीत नाही, जे झालं ते लिहितो.

तिन्ही दिवस अप्पा खोपीच्या तोंडाशी छत्री टेकून बसले होते. कुडाळकडची गाडी लांबून चढणीला लागली की त्यांना आवाज कळायचा, आमच्या आधी. उभे राहायचे. गाडी थांबली की नीरजाला विचारायचे, कोण उतरलं? नीरजा सांगायची, कट्ट्याच्या बाजारातून बायका आल्यात. मालवणचा एक माणूस आलाय, टोपीवाला. मग ते बसायचे. पहिल्या दिवशी नीरजाला ह्याची गंमत वाटत होती. तिसऱ्या दिवशी ती गाडी यायच्या आधीच पाणी आणायला निघून जायला लागली आणि सांगायचं काम मला आलं. "कोणी नाही" हे दोन शब्द म्हणणं मला इतकं जड जाईल असं वाटलं नव्हतं.

नऊला सकाळी ढोल वाजला. देवाने परत बोलावलं. गुरं आपणहून पळत सुटली, मुलं त्यांच्या मागे, खोपी तासाभरात रिकाम्या झाल्या. मी भांडी बांधली आणि म्हटलं, अप्पा, चला, गाव भरतो आहे. ते उठले नाहीत.

म्हणाले, "तिचां कार्ड इलेला मा?"

तेव्हा मला कळलं की शाळेच्या पत्रावर मी सुटलो नव्हतो. म्हटलं, आलं होतं.

"काय लिवल्यान?"

मी सांगितलं. अप्पांनी बोलावलंय का, एवढंच. ते बराच वेळ छत्रीची मूठ फिरवत राहिले. मग म्हणाले, "बरोबर विचारल्यान." मला वाटलं आता उठतील. पण त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या, घरी आल्यावर ठेवतात तशा.

मग जे झालं ते तू पाहायला हवं होतंस. दाजी आले, कपाळाला हात लावूनच. देवाचे मानकरी ते, त्यांची काळजी खरी होती. एक माणूस बाहेर राहिला तर पळण पुरी झाली असं कसं म्हणायचं? अप्पांना म्हणाले, मास्तर, तुमच्या मनात काय आहे ते मला कळतंय. चला, दुसरं गाऱ्हाणं घालू, पहिलं सोडवून घेऊ. मला वाटलं, आता सुटलं सगळं.

अप्पा म्हणाले, "देवाक शब्द दिलंय, तो ऱ्हवांदे. पण चेडवाक भेटूचंय नाय असो शब्द मी खंय दिलंय? ती आत येवची नाय. मी भायर ऱ्हवतंय."

मुलीला न भेटण्याचा शब्द नव्हताच, हे ऐकून दाजी तसेच परत देवळात गेले आणि हा नवाच प्रश्न देवापुढे ठेवला, मास्तर बाहेर असताना गाव भरला म्हणायचा की नाही. देवाने उजवा कौल दिला. दाजींनी घाम पुसला. आता वेळण्यात सगळे म्हणतात की रवळनाथाने मास्तरांना रजा दिली.

तेव्हापासून अप्पा इथेच आहेत. नीरजा दुपारी पेज घेऊन येते आणि ओरडते, ते पेज पितात आणि ऐकून घेतात. कासम काल बांगडे देऊन गेला. पास्कूने आपली चटई इथेच आणून टाकली आहे, म्हणतो की एकट्याला पत्ते कसे खेळता येतील, आणि अप्पांना पानं दिसत नाहीत तर तोच दोघांची पानं बघून खेळतो. अप्पा म्हणतात तो लबाडी करतो. आणि हरतात. मी शाळा सुटली की थेट इथे येतो. हे पत्रही इथेच बसून लिहितो आहे, खाली नकाशाची गुंडाळी घेऊन. वेळण्याच्या जागचं भोक अजून तसंच आहे. त्याच्या कडेला अप्पांनी काल नखाने, अंदाजाने, शिवेच्या बाहेर ह्या खोपीची खूण केली. चुकून ती समुद्रात पडली आहे, पण मी ती पुसणार नाही.

झाप वाऱ्याने उडतात, ते मी नवे घालून घेईन. पावसापर्यंत ही खोप उभी राहील. पण त्यांची नजर तोवर राहील असं मला कुणी सांगितलेलं नाही. काल गाडीतून बाई उतरली की पुरुष, हे त्यांना दहा पावलांवरून कळलं नाही.

आता पत्र संपवत होतो तर म्हणाले, थांब, मी सांगतो ते लिही. मी म्हटलं, शुद्ध करून लिहू का? जन्मभर आमच्या वह्यांत लाल शाई ओतलेला माणूस, म्हणाला, "नको. म्हणतंय तसांच लिही." म्हणून खालचं त्यांचं आहे. त्यातली पहिली दोन अक्षरं मी घातलेली नाहीत, ताई. त्यांनीच सांगितली, आणि मी लिहिली की नाही ते डोळा कागदाला टेकवून बघून घेतलं.

'चि. सौ. आनंदीस आशीर्वाद. गाव भरलो. मी भायर आसंय. तुका बोलावतंय. सांतानाक आणि चेडवाक घेवन ये, खोपीत जागा आसा. माका अजून थोडां दिसता. ये.'